जंगल आणि नदीकाठची वाट: पायी किंवा सायकलने जाताना काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

"ट्रेल किती किलोमीटरचा आहे?" हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो आणि बहुतेकांची तयारीही त्या एकाच आकड्यावर बेतलेली असते. पण जंगल-नदीच्या वाटेवर दिवस खातात ते चढ, ओढे आणि चुकलेले फाटे. बारा किलोमीटरची सपाट वाट दुपारच्या आत संपते. तेवढ्याच अंतरात पूल नसलेली चार पात्रं असली की अंधार पडतो. म्हणून अंतर शेवटी बघायचं, पाणी आधी.

हा लेख एका दिवसाच्या वाटेसाठी आहे. टप्प्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पहिले पाच टप्पे घरी करायचे आहेत आणि चुकाही तिथेच जास्त होतात.

## टप्पा १: नकाशावर आधी पाणी शोधा

मोबाइलवरची रंगीत रेघ म्हणजे नकाशा नव्हे. ती कुणीतरी, कुठल्यातरी ऋतूत चालून नोंदवलेली असते. कोरड्या दिवसांत घोट्याएवढं पाणी असलेली जागा पावसाळ्यात कमरेएवढी होते, रेघ मात्र तीच राहते. म्हणून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) असलेला नकाशा घ्या. १:२५,००० प्रमाणाचा असेल तर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, १:५०,००० चा असेल तर २ सेंटिमीटर. जंगलातल्या पायवाटांसाठी पहिला जास्त उपयोगी, कारण दुसऱ्यावर लहान ओढे आणि फाटे गाळलेले असू शकतात.

आता पेन्सिल घेऊन या क्रमाने खुणा करा:

१. वाट निळ्या रेषेला जिथे जिथे छेदते तिथे गोल करा. पूल असेल तर गोलात काट मारा. रिकामे राहिलेले गोल हा तुमच्या दिवसाचा खरा हिशोब.

२. प्रत्येक रिकाम्या गोलापासून निळी रेषा मागे, उगमाकडे न्या. वर किती ओढे येऊन मिळतात ते बघा. जितके जास्त मिळतात तितकं पावसानंतर पाणी जास्त चढतं.

३. समोच्च रेषा दाटीने आल्यात तिथे कडा किंवा तीव्र चढ आहे. ओढ्यावर या रेषांचा जो टोकदार कोन होतो, त्याचं टोक नेहमी उगमाच्या दिशेला असतं. पाणी कुठून कुठे वाहतं हे नकाशावर बाण नसला तरी यावरून कळतं.

४. मधूनच बाहेर पडायच्या वाटा शोधा: रस्ता, वस्ती, पूल. निदान दोन हव्यात.

तपासा: सगळ्यांत मोठी नदी वाटेच्या सुरुवातीला येते की शेवटी? शेवटी येत असेल आणि पूल नसेल, तर शक्य असल्यास वाट उलट दिशेने करा. दमल्यावर, संध्याकाळी, "आता एवढंच राहिलंय" अशा मनःस्थितीत नदीसमोर उभं राहणं ही वाईट वेळ आहे. सकाळी तीच नदी ओलांडता येत नसेल तर परत फिरायला काही वाटत नाही.

## टप्पा २: वेळ मोजा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब आजही वापरतात. मेट्रिक मापात साधारण असा: दर ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे १४ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर २ तास ४८ मिनिटं अधिक १ तास, एकूण ३ तास ४८ मिनिटं.

इथेच घोटाळा होतो. लोक हा आकडा प्रवासाचा वेळ समजतात. यात विश्रांती नाही, खाणं नाही, बूट काढून नदी ओलांडणं नाही, चिखल नाही. जंगलात मी यात सरळ निम्मा वेळ आणखी मिळवतो आणि पूल नसलेल्या प्रत्येक पात्रासाठी वीस मिनिटं वेगळी धरतो. वरच्या उदाहरणात अशी दोन पात्रं असतील तर सव्वासहा-साडेसहा तास झाले. उतरण आहे म्हणून वेळ वाचेल असंही धरू नका. सौम्य उतरणीवर थोडा वाचतो, तीव्र उतरणीवर उलट वाढतो.

सायकलसाठी डांबरी रस्त्यावरच्या वेगाचा निम्माच धरा. ढकलत किंवा उचलून न्यायचा भाग असेल तर तेवढ्या अंतराला चालण्याचाच हिशोब लावा, तोही सढळ हाताने.

आता उलटं मोजा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी वाट संपली पाहिजे, कारण दाट झाडीत अंधार आधी होतो. त्यावरून "इतके वाजता जिथे असू तिथून परत" अशी वेळ ठरवा आणि ती नकाशाच्या कडेला लिहून ठेवा. तोंडी ठरवलेली वेळ वाटेवर हमखास लांबते.

## टप्पा ३: हवामान बघा, पण वरच्या अंगाचं

आपण चालणार त्या जागेचा अंदाज बघून लोक समाधानी होतात. नदीला त्या जागेशी देणंघेणं नाही. तिचं पाणी वरून येतं. पहिल्या टप्प्यात मागे नेलेली निळी रेषा जिथे संपली, त्या भागात काल-परवा किती पाऊस झाला आणि उद्याचा अंदाज काय, ते बघा. तुमच्या डोक्यावर ऊन असताना पात्रात लोंढा येऊ शकतो.

लहान ओढे लवकर चढतात आणि लवकर उतरतातही. मोठी नदी उशिरा चढते आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ फुगलेली राहते. बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्यांचं गणित वेगळं: दिवसभराच्या उन्हाने त्या दुपारनंतर वाढतात, पहाटे सर्वांत कमी असतात. वर धरण असेल तर विसर्गाची सूचना आहे का, हेही पाहून घ्या.

सावधान: मेघगर्जना ऐकू आली म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पाण्यातून आणि डोंगराच्या धारेवरून लगेच दूर व्हा, एकट्या उंच झाडाखाली थांबू नका.

## टप्पा ४: सायकल आदल्या दिवशी तपासा, सकाळी नाही

सकाळी सापडलेली बिघाडाची जागा "चालेल तेवढं" म्हणून सोडून दिली जाते. आदल्या दिवशी सापडली तर दुरुस्त होते.

ब्रेकपासून सुरुवात करा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. मग चाक उचलून फिरवा, डगमगतं का बघा. साखळी स्वच्छ करून तेल घाला आणि वरचं तेल पुसून काढा. ओथंबलेल्या साखळीला जंगलातली माती चिकटते आणि ती कानशीसारखी दाते खाते. शेवटी सगळे गिअर एकदा वर-खाली करा.

टायरमधली हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवा म्हणजे मुळांवर आणि दगडांवर पकड राहते. पण ट्यूब असलेल्या टायरमध्ये ती फार कमी केली तर दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर समजा, काटा नव्हता, हवा कमी होती.

पंक्चर काढताना सर्रास होणारी चूक: नवी ट्यूब टाकतात, हवा भरतात आणि शंभर मीटरवर पुन्हा पंक्चर. जुना काटा टायरमध्येच असतो. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. उघडं बोट नको, काच किंवा तार असेल तर कापेल. फडकं अडकेल तिथे थांबा, टायर दोन्ही अंगठ्यांनी उलटा वाकवा; काट्याचं टोक आत डोकावताना दिसेल. ते बाहेरच्या बाजूने काढा आणि फडकं आणखी एकदा पूर्ण फिरवा, कारण काटेरी झुडपातून गेलेल्या चाकात एकच काटा क्वचितच असतो. मग नव्या ट्यूबमध्ये ती जेमतेम गोल होईल एवढीच हवा भरून आत बसवा. सपाट ट्यूब बसवली तर तिला पीळ पडतो किंवा ती टायरच्या कडेखाली सापडते.

तपासा: पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का? घरीच लावून बघा. सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, अॅलन की, चेन तोडायचं अवजार आणि तुमच्या साखळीच्या मापाची जोडकडी (तुटलेली साखळी पुन्हा जोडायची कडी) घ्या. माप चुकलं तर जोडकडी निरुपयोगी.

## टप्पा ५: पाठपिशवी

कमी लिहितो, कारण सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात. ज्या गोष्टी वगळल्या जातात तेवढ्याच सांगतो.

शिट्टी. डोक्याला लावायची बॅटरी, दिवसाची वाट असली तरी. कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. कागदी नकाशा आणि होकायंत्र, कारण दाट झाडीत आणि खोल घळीत जीपीएसची खूण भलतीकडे सरकते. पातळ चादरीएवढ्या जागेत मावणारं, पाऊस-वारा अडवणारं एखादं आवरण. सुती कपडे भिजले की अंगातली ऊब ओढून घेतात, थंड जंगलात ते नकोतच.

पाणी साधारण तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात आणि चढावर जास्त. नदी आहे म्हणून पाण्याची चिंता नाही, हा भ्रम आहे. उकळणार असाल तर खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट, २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं. ०.१ ते ०.२ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि मोठे परजीवी अडवतो, विषाणू नाही. क्लोरीनच्या गोळ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवीवर पुऱ्या पडत नाहीत, गढूळ आणि थंड पाण्यात तर त्यांना वेळही जास्त लागतो.

निघण्याआधी एका माणसाला लेखी कळवा: कोणती वाट, किती जण, कुठून आत, कुठून बाहेर, किती वाजता फोन करू आणि तो आला नाही तर कुणाला कळवायचं. "जंगलात जातोय, संध्याकाळी येतो" या निरोपावरून कुणालाही शोधता येत नाही.

## टप्पा ६: वाटेवर, फाट्यांवर

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधण्यात बॅटरी सर्वांत जास्त संपते. आधी उतरवून ठेवलेले नकाशे आणि जीपीएस रेंजशिवायही चालतात.

प्रत्येक फाट्यावर थांबायचं. गप्पांच्या नादात पुढे गेलेले लोक बहुधा ढोरवाटेला लागतात. ओळखायची कशी? ढोरवाट रुंद सुरू होते, मग फुटत फुटत पातळ होते आणि पाण्याशी किंवा गवतात संपते. डोक्याच्या उंचीला फांद्या आडव्या येऊ लागल्या, तर ती वाट माणसांच्या रोजच्या वापराची नाही. फाटा ओलांडला की लगेच मागे वळून बघा. परत येताना हीच जागा कशी दिसेल ते डोळ्यात भरून घ्या, फोटो काढलात तर उत्तम.

सायकलस्वाराने चालणाऱ्यांना वाट द्यायची आणि दोघांनीही घोड्यांना. समोरासमोर आल्यास चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. मागून येताना घंटी लांबूनच वाजवा. जवळ येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका चाकासमोर येतो.

## टप्पा ७: नदी ओलांडताना

इथे घाई केलेली परवडत नाही.

आधी ठरवा, ओलांडायची की नाही. पाणी गढूळ आहे, फांद्या-ओंडके वाहत येताहेत, तळातून दगड घरंगळल्याचा आवाज येतोय: यातलं एक जरी असेल तर नाही. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तरी नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. काठावरून साधं वाटणारं पाणी आत गेल्यावर पाय उपटून काढतं ते यामुळे. वेग जोखायला काडी टाका आणि तिच्यासोबत काठाने चाला. ती तुमच्या चालण्यापुढे निघून गेली तर परत फिरा.

मग जागा शोधा. पायवाट जिथे पाण्याला भिडते तीच जागा चांगली, असं नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पात्र खोल असतं आणि काठ आतून पोखरलेला असतो. दोन वळणांमधला सरळ भाग बघा, जिथे पात्र पसरट आहे आणि पाणी लहान दगडांवरून खळाळतंय. अरुंद, शांत दिसणारी जागा मोहात पाडते. तेवढंच पाणी अरुंद जागेतून जातंय म्हणजे ते खोल आहे किंवा वेगात.

त्यानंतर प्रवाहाच्या खालच्या अंगाला पन्नास-शंभर पावलं चालून या. पाय सुटला तर वाहून कुठे जाल? खाली धबधबा, घळ किंवा पात्रात आडवं पडलेलं झाड असेल तर वरची जागा कितीही सोपी असली तरी सोडून द्या. आडव्या झाडाच्या फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

आता तयारी. मोजे आणि बुटातली गादी काढून पिशवीत ठेवा, बूट अनवाणी पायावर परत चढवा. अनवाणी ओलांडणं ही नेहमीची चूक आहे. शेवाळलेल्या धोंड्यावर पाय मुरगळतो, नाहीतर दोन दगडांत अडकतो. पलीकडे बुटातलं पाणी ओता, पाय पुसा, कोरडी गादी आणि मोजे घाला. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा म्हणजे पडलात तर ती एका झटक्यात टाकता येईल.

ओलांडणं. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला. हातात मजबूत काठी, ती समोर वरच्या अंगाला रोवायची. काठी आणि दोन पाय या तिघांपैकी एका वेळी एकच हलवायचं. पाय उचलून टाकू नका, तळावर सरकवत न्या. पायाखालच्या खळाळाकडे टक लावली तर डोकं गरगरतं, नजर पलीकडच्या काठावर ठेवा. किंचित खालच्या अंगाला तिरकं जात राहिलात तर रेट्याशी झुंजावं लागत नाही.

सायकल असेल तर आधी तिच्यावरच्या पिशव्या वेगळ्या नेऊन पलीकडे ठेवा. सायकल शरीराच्या खालच्या अंगाला धरा. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह ती तुमच्याच पायांवर आणून आदळतो. चाकांना पाण्याचा मोठा रेटा बसतो, म्हणून ती हातातून सुटू लागली तर सोडून द्या. सायकल पुढच्या वळणावर सापडू शकते.

सावधान: वेगाच्या पाण्यात पडलात तर उभं राहायची धडपड करू नका. पाय दगडांत अडकला की प्रवाह अंगाला पालथं पाडून पाण्याखाली दाबतो. पिशवी टाका, पाठीवर व्हा, पाय पुढे खालच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवा, हातांनी काठाकडे सरका. पाणी संथ आणि उथळ झाल्यावरच उभे राहा.

## टप्पा ८: मुळं, चिखल आणि उतरण

ओल्या मुळावर ब्रेक दाबला की सायकल आडवी झालीच म्हणून समजा. मुळाच्या आधी वेग कमी करा, मुळावर ब्रेक सोडून द्या आणि ते शक्य तितकं काटकोनात ओलांडा. उतरणीला सीट खाली घ्या, पेडल समपातळीत ठेवा, अंग थोडं मागे. पुढचा ब्रेक बंद करून फक्त मागचा वापरणारे पुष्कळ भेटतात. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्यातच असते. दोन्ही, हळूहळू, एकेका बोटाने.

चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. चढावर जोर लावता लावता गिअर बदलला की साखळी तुटू शकते.

चिखल वाटेच्या मधून ओलांडा. बाजूने गेल्यास वाट दर आठवड्याला रुंद होत जाते.

## टप्पा ९: वाट चुकलात तर

थांबा. बसा. पाणी प्या. शेवटची खात्रीची जागा किती मिनिटं मागे आहे ते आठवा आणि नकाशावर शोधा. आलात त्याच वाटेने तिथे परत जाता येत असेल तर जा, नसेल तर आहात तिथेच थांबा.

"नदीच्या काठाकाठाने खाली गेलं की वस्ती लागते" हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आणि डोंगराळ मुलखात तो घातक आहे. नदी धबधब्यांवरून आणि घळींतून जाते; तुम्ही एखादा टप्पा कसाबसा उतरता आणि मग ना खाली जाता येत, ना वर. शिवाय पाण्याच्या आवाजात तुमची हाक कुणाला ऐकू जात नाही. नकाशावर पुढचा मार्ग सुरक्षित दिसत असेल तरच काठ धरा.

मदतीसाठी डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकेत: मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं असतं. अंधारात हेच बॅटरीच्या उजेडाने. फोन लागत नसेल तर संदेश पाठवून बघा, दुबळ्या रेंजमध्ये कॉलपेक्षा तो जाण्याची शक्यता जास्त.

## टप्पा १०: परतल्यावर

ज्याला कळवून गेला होतात त्याला आधी फोन. मग अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली, केसांत. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तूप, जळती काडी काही लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आठवणीने सांगा.

बूट आणि सायकल घासून, धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या बुटांतून आणि टायरच्या खाचांतून एका नदीतलं शैवाल, तणाचं बी दुसऱ्या नदीत जातं. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शैवाल सापडलं, तेव्हापासून तिथे "तपासा, धुवा, वाळवा" हा नियम लोकांच्या अंगवळणी पाडला जातोय.

पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या मध्यावर आणि पेडलच्या सांध्यावर मारू नका, ग्रीस धुऊन जातं. हे भाग नदीत बुडाले असतील तर दोन-तीन दिवसांत उघडून बघा. साखळी फडक्याने कोरडी करा आणि तेल त्याच संध्याकाळी घाला. सकाळपर्यंत तिच्यावर गंज चढलेला असतो.